मळ्यात खोकलायचं नाही

गिरजाने आणि मी मिळून शेवटचं जे केलं ते म्हणजे एक पान अर्धं अर्धं खाल्लं. त्यात नवल काही नव्हतं, रोजच खायचो. दुपारी एक वाजता आमच्या पोरीची, वैशालीची ड्युटी संपे, आतल्या खोलीचं दार उघडे आणि मग आमच्या घरात आवाज करायला मोकळीक होई. गिरजा कुकर चढवे. मी रात्रपाळीचा चौकीदार, सकाळी येऊन झोपलेला, तो शिट्टीने उठे. जेवण झालं की ती कात्रीने पानाचं देठ कापे, शिरा सोलून काढे, आणि मी चुना लावे.

त्या दिवशी तिने पान खिडकीकडे धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"रबर आहे निरा. याले पान म्हणते का हे लोक?"

"तू रोज हेच म्हणते."

"मंग तुम्ही रोज हेच आणता काहून?"

पानाचा मोठा तुकडा तिने मला दिला. मी म्हटलं, वाटा बरोबर कर. तर म्हणाली, "घ्या ना जी, मले दात कुठं आहेत." मग गच्चीवरचे कपडे काढायला निघाली. दारापर्यंत गेली, चौकट धरली आणि तिथंच खाली बसली. "थांबा जरा," म्हणाली, "श्वास पुरून नाही राहिला." त्यानंतर ती या घरात चालत परत आली नाही.

हे मी गावातल्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून शहरात आले त्यांच्यासाठी. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही, म्हणून जसं येते तसं लिहितो. लिहायचं कारण असं की आठ-पंधरा दिवसांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या पोराचा, दिनेशचा, फोन आला. "काका, आपल्या गावात इंटरनेटची लाइन आली. जमिनीतून तार टाकली, ग्रामपंचायतीपासून घरोघरी देऊन राहिले. आता वैशूताईले म्हणा, इथूनच ड्युटी कर. तुम्हीही या परत." मग म्हणाला, गावातल्या पाच-सहा पोरींना तसलंच काम करायचं आहे, त्यांचे मायबाप विचारतात की हे काम कसं असते, घरात ते कसं बसवायचं. फोनवर मला सांगता आलं नाही. मी फोन ठेवला. तर आता सांगतो.

आमचं गाव रामटेकच्या पलीकडे. आम्ही बरई, पानमळा हाच धंदा. बांबूचा आणि तणसाचा मांडव, चारी बाजूंनी झापलेला, आत हिरवा अंधार, आणि ओळीने चढलेल्या वेली. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगतो, ते शेत नसते, देवघर असते. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही. चपला बाहेर. आत मोठ्याने बोलायचं नाही, थुंकायचं नाही. खोकला आला तर तोंडाला पदर लावून बाहेर पळायचं आणि बांधावर जाऊन मोकळं व्हायचं. घरात मयत झाली तर सुतक फिटेपर्यंत मळ्यात पाय टाकायचा नाही, शेजाऱ्याला सांगून पाणी द्यायचं. माझी आई म्हणे, वेलीला कान असतात. गिरजा लग्न होऊन आली तर आईने तिला चूल दाखवायच्या आधी हे नियम शिकवले. गिरजाने ते असे धरले की बस. आणखी एक नियम होता. अमुक जातीच्या माणसाला मळ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, असा. सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून लपवत नाही.

पान तोडलं की त्याचा जीव चार दिवसांचा. ओल्या पोत्यात गुंडाळून, डालग्यात भरून, पहाटेच्या बसने मी नागपूरला इतवारीत नेई. तिथला व्यापारी अंगठ्याने पान दाबून पाही आणि भाव सांगे. बस उशिरा आली, पान मान टाके, भाव पडे. पान किती चांगलं यापेक्षा बस किती वेळेवर, यावर आमचं पोट चाले. मग गुटख्याच्या पुड्या आल्या. पुडीला ना पोतं लागे ना पाणी. टपरीवर माळेसारखी टांगली की वर्षभर टिके. त्यात वेलींना मर रोग लागला. एकेक ओळ काळी पडत गेली आणि शेवटी मांडव तेवढा उभा राहिला.

वैशाली आमची एकुलती एक. रामटेकच्या कॉलेजात बी.कॉम. झाली. लग्न झालं, ते टिकलं नाही, ती परत आली. त्याचं इथं काही सांगत नाही. फोनवर बोलायच्या नोकऱ्या असतात, बाहेरच्या देशाचं काम असते, असं तिला मैत्रिणीकडून कळलं. पण गावात रेंज कुठं होती? पाण्याच्या टाकीचा जो लोखंडी जिना आहे, त्याच्या अर्ध्यावर चढलं की थोडी मिळे. तिने पहिला इंटरव्ह्यू त्या जिन्यावर बसून दिला. खाली मी जिना धरून उभा. वारा सुटलेला, त्यात गावातल्या मोहनच्या बकऱ्या टाकीखाली पाणी प्यायला आलेल्या. तिकडच्या माणसाने विचारलं, तुम्ही कुठून बोलता? ही म्हणाली, घरून. तेवढ्यात बकरी ओरडली. मधेच लाइन तुटली आणि ती नोकरीही गेली.

दोन महिन्यांनी नागपूरला मैत्रिणीच्या खोलीवरून तिने तसाच इंटरव्ह्यू दिला, तर पहिल्या फटक्यात घेतलं. पोट्टी तीच, इंग्रजी तेच. खोलीत तार होती आणि टाकीवर नव्हती, एवढाच फरक. मला त्या दिवशी इतवारीची बस आठवली.

आधी तिला ऑफिस होतं. गाडी न्यायला येई. मग कंपनीने ऑफिस बंद केलं आणि सगळ्या पोरींना सांगितलं, आपापल्या घरून करा. म्हणजे ऑफिस आमच्या घरात आलं आणि त्याचं भाडं आमच्यावर. दार असलेली वेगळी खोली पाहिजे, एक तार गेली तर दुसरी पाहिजे, आणि मागे आवाज नको. हॉस्टेलात हे होईना. तिने दोन खोल्या पाहिल्या आणि आम्हाला म्हणाली, या. मळा गेलेलाच होता. आम्ही निघालो.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान भरलं, घराला कुलूप लावलं, आणि पाहतो तर गिरजा नाही. ती मळ्याकडे गेली होती. मांडव अर्धा बसलेला, आत एक वेल नाही, नुसत्या काड्या. तरी तिने चपला बाहेर काढल्या आणि मग आत गेली. टेम्पोवाला ओरडला, "आजी, चला ना! आत काय आहे आता?"

"असू दे ना गा," ती आतून म्हणाली. तेही हळूच.

नागपुरात आम्ही इंदोऱ्याकडे मेश्रामबाईंच्या घरी वर राहतो. खाली त्या एकट्या, नवरा वारलेला, पोरगा पुण्याला. त्यांच्या बैठकीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी मघाशी सांगितलेला तो शेवटचा नियम ज्यांच्यासाठी होता, ती ही माणसं. पहिल्याच दिवशी मेश्रामबाईंनी गिरजाला चहा दिला आणि गिरजाने तो त्यांच्या ओट्यावर बसून प्याला. मी पाहतच राहिलो. वर आल्यावर म्हणाली, "का पाहता? चहा गोड होता."

आता वैशालीचं काम. ऑस्ट्रेलियात दातांचे डॉक्टर आहेत. तिथल्या माणसाचा दात दुखला की तो डॉक्टरला फोन लावतो आणि तो फोन आमच्या आतल्या खोलीत वाजतो. वैशाली त्याला वेळ देते, नाव लिहिते, पैसे विम्यातून येतील का सांगते. तिकडे सकाळ आपल्या आधी होते म्हणून हिची ड्युटी पहाटे साडेचारला लागे. नाव वैशाली चालत नाही, त्यांना बोलता येत नाही, म्हणून कंपनीने नॅन्सी ठेवलं. त्यावरून गिरजा तिची रोज मजा करे. "अवं नॅन्सी, भात वाढू का?" "नॅन्सीबाई, केसाले तेल लावाचं का?" वैशाली चिडे, मग हसे.

एकदा गिरजाने विचारलं, "तिथं डॉक्टरच्या टेबलावर आधी कोणी पोट्टी बसत असेन ना वं? ती कुठं गेली?"

"मले काय माहीत, आई. तिले काढलं असेन."

"म्हणजे तू तिची पुडी झाली." गुटख्याची पुडी म्हणायचं होतं तिला. वैशालीला ते लागलं. ती म्हणाली, "मी नाही केलं तर दुसरं कोणी करेन." आणि ते खरंच होतं. एकदा सिमेंटच्या रस्त्यासाठी बाहेर खोदत होते, त्यात तार तुटली, आणि दुसऱ्या तारेलाही नेमकं काही झालं. वैशाली बाहुली मोडल्यासारखी दोन्ही हात सोडून बसली. म्हणे, आता आपले सगळे कॉल मनिलाच्या पोरींकडे चालले. मनिला म्हणजे कुठं? तर समुद्रापलीकडे, फिलिपीन्स देशात. आपली तार अर्धा तास गेली की आपलं काम दुसऱ्या देशात जाते, आणि त्यांच्याकडे वादळ आलं की त्यांचं आपल्याकडे येते. आमच्या वेळी नुसती बस चुके.

गिरजा म्हणाली, "तिथंही कुकर बंद ठेवत असतीन का वं?"

तर घरात आवाज न करण्याचं असं. ड्युटीत कुकर नाही, मिक्सर नाही, नळाखाली बादली नाही, नळाला फडकं बांधून पाणी भरायचं. हे वैशालीने सांगितलेलं. पण गिरजाने त्यात आपलं घातलं. ती त्या खोलीच्या दाराशी चपला काढू लागली. खोली झाडायला आंघोळ करूनच जाई. आत गेली की पाय न वाजवता चाले, जसं मळ्यात चालत होती तसंच. मला म्हणाली, "मळा समजा. पोट्टीचं पान इथंच पिकते." मी हसलो. मला ते चांगलं वाटलं. गाव सोडल्यापासून तिला हात जोडायला काही नव्हतं, ते मिळालं असं वाटलं.

खोकला तिला मागच्या पावसाळ्यात लागला. थोडा थोडा. तंबाखूचा असेल म्हणालो. दिवाळीच्या आधी एके दिवशी ड्युटी चालू असताना तिला जोराची उबळ आली आणि ती फोनमधून पलीकडे गेली. दुपारी जेवताना वैशाली म्हणाली, "आई, आज माझे मार्क कापले. मागे आवाज आला म्हणून वरून मेसेज आला. थोडं सांभाळ."

"कुठं ऐकू गेला?"

"कुठं म्हणजे? ऑस्ट्रेलियात."

"बापा!" गिरजा म्हणाली. "मी नागपूरच्या पुढं गेली नाही अन् माझा खोकला ऑस्ट्रेलियाले जाऊन आला!"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. संध्याकाळी मी मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणली. ती तिने संपवली आणि खोकला गेला.

गेला असं आम्ही समजलो. आमचं घर कसं चाले ते पाहा. मी संध्याकाळी चौकीदारीला जाई, सकाळी सातला येऊन झोपे. वैशाली रात्री लवकर झोपे, पहाटे उठून दार लावून बसे. कोणाचीच झोप मोडू नये म्हणून गिरजा स्वयंपाकखोलीत दार ओढून झोपू लागली. मला म्हणाली, तिथं मच्छर कमी आहेत. तिघंही जागे असायचो ते दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात कधी ठसका आला तर ती पानाचं नाव सांगे. अंगाने उतरली होती. मी म्हटलं, खात जा. ती म्हणे, शहरात भूक लागत नाही, कष्टच नाही तर भूक कुठून?

सरकारी दवाखान्यात तिला नाकाला नळी लावली. तरुण डॉक्टर होता, भला होता. त्याने विचारलं, "खोकला किती दिवसांपासून आहे?"

मी म्हटलं, "खोकला नाही."

वैशाली म्हणाली, "दिवाळीच्या आधी होता. गेला मग."

डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरला. छातीचा फोटो. मला त्यातलं काही कळत नाही, पण जिथं काळं पाहिजे तिथं ढग होते. तो म्हणाला, "बाबा, हा क्षय आहे, खूप महिन्यांचा. खोकल्याशिवाय कसा राहील?"

मेश्रामबाई आमच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या. त्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून तर माझ्यादेखत आहे, साहेब. रोज जिन्यावर येऊन खोकलते ना ती बाई. पहाटे येते, सकाळी येते. खालून तिसऱ्या पायरीवर बसते. फरशी थंड लागते म्हणून मी पाट दिला तिले." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाले माहीत नव्हतं का हो? मी कितीदा म्हटलं तिले, दवाखान्यात चाल. ती म्हणे, पोट्टीची सुट्टी होऊ दे, मंग जाऊ. मले वाटलं, घरी माहीत आहे."

माझ्या डोळ्यांपुढे मळा आला. तोंडाला पदर लावून बाहेर पळायचं आणि बांधावर जाऊन खोकलायचं. तिला कोणी जिन्यावर पाठवलं नव्हतं. तिने बांध शोधला.

बाहेर व्हरांड्यात वैशाली भिंतीला टेकून उभी होती. तिने मला एक सांगितलं. दिवाळीच्या आधीच्या त्या फोनवर पलीकडे एक म्हातारी बाई होती. दातांची कवळी हलते म्हणून वेळ मागत होती. उबळ ऐकून ती थांबली आणि म्हणाली, पोरी, तुझ्यामागे कोण खोकलून राहिलं? हा आवाज छातीच्या खालून येऊन राहिला, चांगला नाही. तिला डॉक्टरला दाखव.

"अन् तू का म्हणाली?"

"मले का म्हणता येते, बाबा? माझी आई आहे हे सांगता येत नाही. मी घरून बोलते हे सांगता येत नाही. कागदावर जे लिहून दिलं आहे तेच म्हणावं लागते. मी म्हटलं, सॉरी फॉर द डिस्टर्बन्स." मग ती म्हणाली, "ती पुन्हा म्हणाली, दाखवशील ना? मी पुन्हा तेच म्हटलं."

गिरजाचा खोकला ओळखणारी दोनच माणसं निघाली. एक समुद्रापार आणि एक जिन्याखाली. मधल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं होतो.

आठवडाभर औषध चाललं. डॉक्टर म्हणे, चार महिने आधी आले असते तर गोळ्यांनीच उभी राहिली असती. तो रागाने नाही म्हणाला. मी विचारलं म्हणून म्हणाला. आमची दोघांची तपासणी झाली, मेश्रामबाईंचीही. सगळे ठीक निघालो. शेवटच्या दिवसांत गिरजाला वॉर्डात मोकळेपणी खोकलता येत होतं, सगळेच खोकलत होते. तरी उबळ आली की तिचा हात पदराकडे जाई. पदर नव्हता, दवाखान्याचा गाऊन होता. हात तसाच गळ्याशी थांबे. शेवटच्या दिवशी सकाळी मी पाणी पाजलं, ते घशाखाली गेलं नाही. दुपारी ती गेली.

तेरवीनंतर वैशालीने पुन्हा काम धरलं. न धरून करते काय. आधीचे निम्मे डॉक्टर मनिलाकडे गेले होते, तिला दुसरे दिले. आता ती नॅन्सीच्या नावाने बोलते तेव्हा मी घरात असलो तर मुद्दाम भांडं वाजवतो. तिचे मार्क कापत असतील. 

गावातल्या मायबापांनो, मी काम करू नका म्हणत नाही. माझी पोट्टी त्यावरच जगते. इतवारीच्या व्यापाऱ्याने मला जेवढं छळलं तेवढं या कामाने तिला छळलं नाही. तार आली ते बरंच झालं, पोरींना टाकीवर चढावं लागणार नाही. पण एक ऐका. पोरगी दार लावून बसली आणि घर चूप झालं की आपल्याला वाटते सगळं बरं चाललं आहे. चूप झालेल्या म्हाताऱ्या माणसाला रोज एकदा विचारत जा. समोर बसवून विचारा, कारण पाठमोरं ते "बरं आहे" एवढंच म्हणते. आणि तुमच्या घरातल्या बायांना मळ्याची शिकवण असेल तर त्यांना साफ सांगा की मशीनला कान असले तरी ते देवाचे नाहीत.

दिनेश, आता तुझं उत्तर. वैशाली म्हणते, चला जाऊ गावाला, भाडं वाचेल, हवा चांगली. तिला जायचं तर तिने जावं, घर तिचंच आहे. मी आता येत नाही. घर म्हटलं की मला अजून मांडवाचा तो हिरवा उजेड दिसतो, ते खोटं सांगत नाही. पण तिथलं सगळं मला माहीत आहे. इथलं एक माहीत नाही. माझ्या बायकोचे शेवटचे महिने त्या जिन्यावर गेले आणि ते मेश्रामबाईंजवळ आहेत. चौकीदारीहून आलो की मी झोपायच्या आधी जिन्यावर बसतो, त्या चहा आणतात आणि आठवेल तसं सांगतात. गिरजाने त्यांना कपुरी पान कसं ओळखायचं ते शिकवलं. माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. एकदा म्हणाली म्हणे, आमच्या मळ्यात तुम्हाले येऊ देत नव्हते बाई, अन् माझ्या खोकल्याले तुम्ही पाट दिला. असं रोज थोडं थोडं निघते. ते निघायचं थांबेल तेव्हा पाहू. तोपर्यंत माझं घर त्या तिसऱ्या पायरीवर आहे.

एक सांगायचं राहिलं. गिरजा गेली त्याच दिवशी संध्याकाळी घाटावर सगळं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे वैशालीचा अलार्म वाजला. मी जागाच होतो. ती उठली, तोंड धुतलं आणि आतल्या खोलीत जाऊन कानाला ते यंत्र लावून बसली.

मी दारात गेलो. "का करून राहिली?"

"बाबा, आज लावलं नाही तर कॉल चालले जातात. गेले की परत येत नाहीत."

"सुतक आहे. सुतकात मळ्यात पाय टाकत नाही."

"हा मळा नाही, बाबा."

"तुझ्या मायनं मानला ना."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला बाहेर काढल्या होत्या, दाराच्या आत मात्र गेलो नाही. ती म्हणाली, "मंग कोण पाणी देईन?" तिला नियम आठवत होता. मी म्हटलं, "मनिलाच्या पोट्टीले देऊ दे. शेजारीच ते."

तिने बटन बंद केलं. भिंतीवरच्या तारेच्या डब्यातले हिरवे दिवे विझले. कानावरचं यंत्र काढलं, बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागली. दवाखान्यात ती अशी रडली नव्हती, घाटावरही नाही. पूर्ण घसा फाडून, गावाकडच्या बाया रडतात तशी. मी जिन्याचं दार सताड उघडलं. खाली मेश्रामबाईंचा दिवा लागला.

मग मी तिसऱ्या पायरीपर्यंत उतरलो, तो पाट उचलला, आणि वर आणून आतल्या खोलीच्या दाराशी ठेवला, गिरजाच्या चपला असायच्या तिथं.